खंडेनवमीला सुट्टी दिलेला कॉम्प्युटर

भाऊंची आणि माझी कुंपणाची भिंत एकच आहे. भाऊ निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त मुख्याध्यापकाला हुकूम सोडायला घरात फार कमी जागा उरते. वहिनी त्यांचं सगळं ऐकून घेतात आणि करतात स्वतःच्या मनाचं. मुलगी पांढरकवड्याकडे कृषी सहायक आहे. ती शनिवारी येते आणि सोमवारी सकाळच्या बसने जाते. राहता राहिला कॉम्प्युटर. तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत, वहिनींनी शिवलेल्या झालरीच्या झाकणाखाली बसलेला असायचा. बटण दाबलं की उठायचा. शाळेतल्या पोरांपेक्षा बरा, असं भाऊ म्हणत.

त्यावर ते एका बोटाने अर्ज टाइप करत. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल, बसथांब्यावरच्या पत्र्याबद्दल, नळाच्या गढूळ पाण्याबद्दल. ‘आपला नम्र’पासून सहीपर्यंतचा मजकूर त्यांनी वेगळा साठवून ठेवला होता, म्हणजे नम्रता दरवेळी नव्याने टाइप करावी लागू नये. अर्जांचं पुढे काय झालं, ते आर्णीच्या रस्त्यांवरून फिरताना दिसतंच.

पण त्याच कॉम्प्युटरमध्ये ‘याडी’ नावाचा एक फोल्डर होता. याडी म्हणजे आई. भाऊंच्या आईला घरात सगळेच याडी म्हणत, नातसुद्धा. आणि भिंतीपलीकडची म्हणून मीसुद्धा. ती गेली त्याला आता वर्ष झालं होतं.

भाऊ बंजारा. त्यांच्यात मुलगी सासरी निघाली की घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यातलं असतं. त्याला चाल असते, शब्द असतात. बापासाठी वेगळे, भावासाठी वेगळे, मैत्रिणीसाठी वेगळे. ढावलो म्हणतात त्याला. हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं, आणि पूर्वी लग्नाआधी एखादी म्हातारी मुलीला जवळ बसवून ते शिकवायची. भाऊंच्या तांड्यात ती म्हातारी म्हणजे याडी. किती मुलींना तिने रडायला शिकवलं असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आताच्या मुलीही रडतात, पण बिनशब्दांच्या, आणि तेही डीजेवाला मध्ये श्वास घेईल तेवढंच.

याडी थकायला लागली तेव्हा भाऊंना सुचलं, तिचे ढावलो फोनवर रेकॉर्ड करून ठेवावेत. दोन हिवाळे त्यांनी तेच केलं. फोन भरला तसं सगळं कॉम्प्युटरवर नेलं, आणि नीटनेटक्या माणसाची खोड म्हणून फोनमधून पुसून टाकलं. म्हणजे याडीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता: झालरीच्या झाकणाखाली.

त्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातलं. मुलीने घरात सांगून टाकलं की निघताना ती याडीचा ढावलो म्हणणार. भाऊंना आनंद झाला. मी वहिनींना विचारलं, तुम्हाला येतच असेल की, तुम्हीच शिकवा. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माह्याच गळ्यात पडून रडायचं, ते मीच शिकवू?”

तेव्हा शिकवण्याचं काम कॉम्प्युटरवर पडलं. दिवाळीत सुट्टी काढून मुलगी येणार, फोल्डर उघडून बसणार आणि शिकणार, असं ठरलं.

दिवाळीच्या आधी दसरा येतो, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी भिंतीवरून हाक मारली.

“ताई, जरा इकडे या. कॉम्प्युटर उठला, पण चालून नाही राह्यला.”

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथे मी एकच गोष्ट पक्की शिकले: माणसं पाटी वाचत नाहीत. दारावर वेळ लिहिलेली असते आणि त्याच दारात उभं राहून लोक वेळ विचारतात. मी पाट्या वाचते. या साऱ्या प्रकरणात माझी पात्रता एवढीच होती, आणि ती कोणत्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही.

पडदा निळा झाला होता. आधी ठिपके गोल फिरत, खाली ‘दुरुस्तीची तयारी चालू आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी. मग ‘तपासणी चालू आहे’. मग बराच वेळ काही नाही. आणि शेवटी: दुरुस्ती होऊ शकली नाही, सुरू होण्यासाठी लागणारी एक सिस्टीम फाइल सापडत नाही किंवा तिच्यात चुका आहेत. खाली त्या फाइलचं लांबलचक नाव. त्याखाली दोन बटणं. एक बंद करा. दुसरं पुढचे पर्याय पाहा.

भाऊ सकाळपासून पहिलंच बटण दाबत होते. कारण त्यातलं त्यांना कळत होतं ते तेवढंच. बंद करायचे, चालू करायचे, दुरुस्तीची तयारी बघायचे, बंद करायचे. स्वयंचलित दुरुस्ती हा प्रकार मला चौकशी समितीसारखा वाटला. बसते, विचार करते, वेळ घेते, आणि अहवाल देते की काही करता आलं नाही. मग पुन्हा बसते.

मी पुढचे पर्याय पाहायचं म्हटलं. भाऊ म्हणाले, त्यापेक्षा जाणकार माणूस बोलावू. त्यांनी आधीच बोलावला होता.

मुख्य रस्त्यावर एक कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट आहे. दारावर फ्लेक्स, फ्लेक्सवर संचालकांचा कोट घातलेला फोटो, आणि फोटोभोवती त्यांनी मिळवलेल्या प्रमाणपत्रांची नावं. आर्णीपुरतं तरी त्यांच्याइतकं प्रमाणित कोणी नसेल. ते मोटरसायकलवरून आले. खुर्ची आणून ठेवेपर्यंत उभेच राहिले. खुर्ची आली, पाणी आलं, चहा आला, समोरच्या घरातले दोघे येऊन दारात टेकले. मग संचालक कॉम्प्युटरकडे वळले.

कीबोर्ड उलटा करून त्यांनी झटकला. त्यातून अक्षता पडल्या. डब्यामागच्या जाळीतून सुकलेलं झेंडूचं फूल काढलं. माऊसवर हळदीकुंकू होतंच. या ऐवजाकडे त्यांनी एखाद्या डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन पाहावं तसं पाहिलं. मग बटण दाबलं, निळा पडदा आला, आणि त्यांनी तो पूर्ण उमटायच्या आत निदान केलं.

व्हायरस आहे, असं ते म्हणाले. सिस्टीम करप्ट झाली. फॉरमॅट मारावा लागेल.

भाऊंनी गाण्यांचं विचारलं. संचालकांनी समजूत घातली की फॉरमॅटमध्ये सगळं जातं, पण गाण्यांचं काय, बंजारा गाणी नेटवर हजारो भेटतात, डीजे मिक्समध्येसुद्धा.

भाऊंचा चेहरा पडला. पण त्यांनी मान हलवली. मला ते आश्चर्याचं वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी वरच्या कार्यालयातून आलेल्या माणसासमोर मान हलवली होती आणि तो गेल्यावर अर्ज लिहिला होता. पण इथे अर्ज लिहायलाही तोच कॉम्प्युटर होता.

मी म्हटलं, दोन दिवस थांबा. आधी मी वाचून पाहते.

“मॅडम, हे काही ग्रंथालय नाही,” संचालक म्हणाले.

“तेच तर. ग्रंथालयातसुद्धा रद्दीत काढण्याआधी आम्ही आत काय आहे ते पाहत असू.”

ते हसले नाहीत. चहा मात्र पूर्ण प्यायले, आणि दिवाळीआधी काम धरायचं असेल तर लवकर सांगा, असं म्हणून गेले.

भाऊंनी तेवढ्यात मुलीला फोन लावला होता. संचालक काय म्हणाले ते सांगितलं. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

“काकू,” ती म्हणाली, “लग्नाची तारीख पुढे गेली तरी चालते. फॉरमॅट करू देऊ नका.”

तिचा आवाज अगदी सपाट होता. शेतात नुकसान पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा.

त्या दिवशी दुपारी मी भाऊंना विचारलं, कॉम्प्युटर शेवटचा नीट कधी चालला होता. ते म्हणाले नवमीला. नवमीला काय झालं होतं? काही नाही, पूजा. आणि पूजेच्या आधी? काही नाही. मुख्याध्यापकांना विचारलेल्या प्रश्नांना अशीच उत्तरं मिळतात. ती त्यांनी आयुष्यभर वरच्यांना दिलेली असतात.

उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून.

“ठिपके फिरून राह्यले होते त्याचे,” वहिनी म्हणाल्या. “लिहून पण होतं काहीतरी, बंद करू नका म्हणून. मी म्हटलं यायले. म्हणे, पूजेत औजार चालू नसते.”

भाऊ थोडे चिडले. पण नाकारलं नाही.

“ट्रॅक्टरची चावी काढली,” ते म्हणाले, “मोटरचा स्टार्टर पाडला. मिक्सरचा पिन काढला. हिची शिलाई मशीनसुद्धा झाकली. मग एकट्या कॉम्प्युटरले काहून सूट?”

मला त्यांचं म्हणणं न्यायाचं वाटलं. नवमीला हत्यारं, औजारं धुवायची, मांडायची, पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस सुट्टी. विळ्याला मिळते, फवाऱ्याच्या पंपाला मिळते. भाऊंनी ती कॉम्प्युटरलाही दिली, फक्त त्याने त्या वेळी अर्ध्यात सोडता येणार नाही असं काम हातात घेतलं होतं. तो स्वतःला नवं करत होता. भाऊंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, कुंकू लावलं, जाळीत फूल खोचलं आणि हात जोडले.

म्हणजे व्हायरस नव्हता. मला एकदम हलकं वाटलं, आणि ते मी भाऊंना समजावलं ते असं. घरातला माणूस दाराची जुनी कडी काढून नवी बसवत होता. जुनी काढून झाली, नवी अर्धीच बसली, आणि कोणीतरी दिवा घालवला. आता दार उघडत नाही. पण आतल्या खोलीतलं सामान जागच्या जागी आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. फॉरमॅट म्हणजे दार उघडत नाही म्हणून घर पाडणं.

“म्हणजे याडी आत आहे?” भाऊंनी विचारलं.

“असावी,” मी म्हटलं. ‘आहे’ म्हणायला जीभ धजली नाही.

पुढचे पर्याय मी तेव्हा उघडले. सेफ मोड म्हणून एक असतो. कमीत कमी सामानासह सुरू व्हायचा. तो उघडला नाही. शेवटचं अपडेट काढून टाका, असाही एक पर्याय होता. त्याने बराच वेळ घेतला आणि समितीसारखाच अहवाल दिला. उरला होता तो बाहेरून आणलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचा मार्ग, आणि तसा पेनड्राइव्ह बनवायला चालू असलेला चांगला कॉम्प्युटर हवा. माझा लॅपटॉप नोकरीत असतानाच म्हातारा झालेला. तेव्हा मी इन्स्टिट्यूटकडे गेले.

दुपारची वेळ होती. क्लास सुटलेला, आत कोणी नव्हतं. संचालक कोट न घातलेले, फ्लेक्सपेक्षा बरेच बारीक, एका खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होते. मी काय हवं ते सांगितलं आणि नवमीची गोष्टही सांगितली. त्यांनी खुर्ची बाजूला ठेवली. एक प्रश्न विचारला, की नेमकं अपडेट चालू असतानाच बंद केलं का. मी हो म्हटलं. त्यांनी मुकाट्याने पेनड्राइव्ह बनवायला घेतला.

तो बनायला वेळ लागतो. आम्ही दोघं पट्टी सरकताना पाहत बसलो. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मॅडम, आधी गाणी बाहेर काढून घ्या, मग दुरुस्ती. मी तेच सांगायले पाहिजे होतं. पण चार लोक दारात उभे होते. लोकांसमोर ‘पाहावं लागेल’ म्हटलं की वाटते, याले काही येत नाही.”

फ्लेक्सवरच्या माणसाबद्दल माझं जे मत होतं ते मी बदललं नाही. पण खुर्चीचा पाय बसवणारा माणूस मला आवडला. त्यांनी गाणी ठेवायला दुसरा एक रिकामा पेनड्राइव्हही दिला.

शनिवारी मुलगी आली. बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि सरळ कॉम्प्युटरसमोर बसली. आम्ही कामं वाटून घेतली. ती फोनवर पायऱ्या वाचून दाखवणार, मी टाइप करणार. कारण माझ्या चुका होत नाहीत असं नाही, पण मी हळू करते. भाऊ मागे उभे. त्यांना एकच काम दिलं होतं, भिंतीवरच्या बटणाला हात न लावण्याचं.

पेनड्राइव्हवरून मशीन उठलं. काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्र नाही, बटण नाही, फक्त एक लुकलुकणारी रेघ. तिच्यासमोर सगळे सारखेच अडाणी. मुलीने पहिली तपासणी वाचली, मी टाइप केली. मशीनने उत्तर दिलं की काहीही बिघाड नाही.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, मग चांगलंच झालं की. मुलीने फोनवर पुढचं वाचलं आणि हसायला लागली. बाहेरून सुरू केलं की मशीन आपल्या कप्प्यांना वेगळीच अक्षरं देतं. रोज ज्याला सी म्हणतो तो आज सी नसतो. आम्ही तपासला तो भलताच कप्पा होता, आणि त्यात बिघाड नसणारच.

“काकू, आपण दुसऱ्याच्याच वावराचा पंचनामा करून राह्यलो.”

तिच्या खात्यात असं कधी झालंय का, हे मी विचारलं नाही. ती सरकारी नोकर आहे.

मग बरोबर कप्पा सापडला. पण दुरुस्तीला हात घालायच्या आधी गाणी काढायची होती, आणि त्या काळ्या खिडकीत फोल्डर दिसत नाहीत. यावर एक मागचं दार असतं, ते मुलीने शोधून काढलं. काळ्या खिडकीत साध्या लिहायच्या पाटीचं नाव टाइप करायचं. ती पाटी उघडते. तिच्यात ‘फाइल उघडा’ म्हणायचं. आता तिला फाइल दाखवण्यासाठी सगळं घर दाखवावंच लागतं. त्यातून आत शिरायचं.

शिरलो. अर्ज दिसले, पुष्कळ अर्ज. ‘आपला नम्र’ दिसला. आणि मग ‘याडी’.

मुलगी स्वतः बोट लावत नव्हती. माऊसवर माझाच हात होता, पण तिने माझं मनगट धरलं होतं. मी उघडलं. आत फाइली होत्या. भाऊंनी त्यांना नावं दिली होती: आई गाणे, आई गाणे नवीन, आई गाणे नवीन नवीन, आई गाणे शेवटचे, आई गाणे शेवटचे नवीन. मुख्याध्यापकपदावरचा माणूस वर्गवारीत इतका कच्चा असेल असं वाटलं नव्हतं. पण त्या क्षणी एवढी सुंदर वर्गवारी मी कोणत्याही ग्रंथालयात पाहिलेली नाही.

सगळ्या निवडल्या, दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकल्या. हिरवी पट्टी सरकू लागली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हात पिठाचे. पट्टी भरली. मुलीने पेनड्राइव्ह काढला आणि मुठीत धरून ठेवला. पुढचं सगळं ती एका हाताने करत होती.

दुरुस्तीचं आता फारसं भय राहिलं नव्हतं, आणि भय गेलं की काम सरळ होतं. मशीनला एक आज्ञा देता येते की अर्धवट राहिलेलं काम मागे घे. ती आम्ही दिली. त्याने ती मान्य केली. मग सिस्टीमच्या फाइली एकेक तपासून खराब असतील त्या बदल, अशी दुसरी, या वेळी बरोबर कप्प्याचं अक्षर घालून. टक्के सरकत राहिले. मध्ये एका जागी ते इतका वेळ थांबले की भाऊ भिंतीकडे वळले.

“बापू,” मुलगी मागे न पाहता म्हणाली, “हात खिशात.”

भाऊंनी हात खिशात घातले. त्यांच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाने हे दृश्य आनंदाने पाहिलं असतं.

शेवटी मशीनने कळवलं की खराब फाइली सापडल्या आणि नीट केल्या. पेनड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केलं. ठिपके फिरले. निळा पडदा आला नाही. आला तो भाऊंनी निवृत्तीच्या दिवशी शाल घेऊन काढलेला फोटो, जो त्यांनी पडद्यावर ठेवलेला होता. त्या शालीबद्दल मी नेहमी थोडं कुत्सित बोलत आले आहे. त्या संध्याकाळी बोलले नाही.

शालीवरून सांगते. पुढच्या आठवड्यात भाऊंनी सत्काराचा बेत काढला. मी नको म्हटलं, तेव्हा शाल आणि नारळ इन्स्टिट्यूटच्या संचालकांना गेले. गावच्या ग्रुपवर फोटो आला, खाली मजकूर, तज्ज्ञांच्या प्रयत्नांनी बंजारा संस्कृतीचा ठेवा वाचला. संचालकांनी कोट घातला होता. मला त्यात काही गैर वाटलं नाही. पेनड्राइव्ह त्यांनीच बनवला होता, आणि शाल कोणाला तरी द्यावीच लागते.

दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मुलगी ऐकायला बसली. मला बोलावणं आलं. भाऊंनी स्पीकर लावले, आवाज मोठा केला, आणि ‘आई गाणे’ सुरू झालं.

आधी भाऊंचाच आवाज. याडीला सांगताहेत की फोनकडे तोंड कर. मग याडी, खणखणीत. गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, मला अर्धीमुर्धी कळते, पण एवढं कळलं की ती भाऊंना वेडा म्हणत होती. या डबीच्या गळ्यात पडून कोणी रडतं का, असं विचारत होती. गळा पाहिजे. गळ्याशिवाय ढावलो होत नाही. थोडी खुडबुड. मग वहिनींचा आवाज, नको नको म्हणणारा. मग खाट करकरली, आणि ढावलो सुरू झाला.

सुरुवातीची एक ओळ स्वच्छ ऐकू आली. पुढे आवाज दबला. याडीने वहिनींना जवळ ओढून त्यांच्या खांद्यावर तोंड टेकवलं असणार, आणि फोन खाटेच्या दुसऱ्या टोकाला. चाल येत होती, लांब, वर चढून मध्येच तुटणारी. पण शब्द पदरात जात होते. मुलीने पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. भाऊंनी आवाज आणखी मोठा केला, त्याने शेजारच्या शेळीचा आवाज मोठा झाला आणि कुठल्या तरी मोटरसायकलचा. दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. ‘शेवटचे नवीन’सुद्धा. सगळीकडे याडी कोणाच्या तरी खांद्यावर होती, आणि तो खांदा बहुतेक वेळा वहिनींचा.

मुलगी पहिल्या फाइलवर परत आली. एकच जागा ती मागे घेऊन घेऊन ऐकत होती. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहत होती. शब्द लागत नव्हता. भाऊ स्पीकरची वायर बदलू म्हणाले. दुरुस्तीचा माझा वकूब इथे संपला होता. सिस्टीम फाइलींचं असतं तसं यांचं नव्हतं, की खराब शोधून चांगली आणून बसवावी. चांगली दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती.

स्वयंपाकघरात लसूण ठेचण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

वहिनींनी आतूनच एक शब्द सांगितला. गोरबोलीतला, मला न कळणारा.

मुलीने गाणं थांबवलं. तो शब्द त्या जागी घालून ओळ म्हणून पाहिली. बसला. तिने गाणं पुन्हा लावलं, पुढची दबलेली जागा आली आणि तिथे थांबवून वाट पाहिली. ठेचणं पुन्हा सुरू झालं होतं.

“आई, याच्या पुढचं?”

“ऐक नं त्याच्यात. एवढा दुरुस्त केला तं.”

“त्याच्यात नाही येत. तुह्या कानात म्हटलेलं आहे तिनं.”

ठेचणं थोडा वेळ चाललं. मग वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसत. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. पुढच्या ओळी सांगितल्या, पटपट, बाजाराचं सामान सांगावं तशा, भिंतीकडे पाहून. मुलगी त्यांच्यामागून म्हणत गेली. तीन-चार ओळींवर तिची चाल घसरली. वहिनींनी दुरुस्त केली. पुन्हा घसरली.

“असं लांबून नाही जमत ते,” वहिनी म्हणाल्या. जरा थांबून, नाइलाजाने केल्यासारखं, “इकडे सरक.”

मी उठले. भाऊंनाही उठवलं, त्यांना बसायचं होतं. आम्ही बाहेर अंगणात येऊन बाजेवर बसलो. अंगणात मळून उरलेलं सोयाबीनचं कुटार पसरलेलं होतं आणि त्यात चिमण्या. भाऊंनी मला विचारलं, कशी काय तयार झाली? मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि ते खरं होतं.

आतून याडीचा आवाज काही वेळ येत राहिला, मग कोणीतरी तो बंद केला. मग एक आवाज, त्याच्यामागून दुसरा, तीच चाल, वर चढून तुटणारी. भाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं आता आत दोघी रडणार. पण चाल मध्येच थांबली आणि मुलगी काहीतरी जोरात म्हणाली, त्यावर वहिनी त्याहून जोरात. मी भाऊंकडे पाहिलं.

“हिच्या माहेरी तो शब्द वेगळा म्हणतात,” भाऊंनी डोळे पुसत सांगितलं. “याडी म्हणायची तो वेगळा. पोरीले याडीचा पाहिजे.”

आत बराच वेळ तेच चाललं होतं.